एका पाकोळीचा कौल

दिवाळीच्या सुट्टीत लोक माहेरी जातात, देवाला जातात, गेलाबाजार महाबळेश्वरला तरी जातात. आम्ही फुलपाखरे पाहायला निघालो. पुण्यात शेजारणीला मी हे सांगितले तेव्हा तिने माझ्याकडे अशा कणवेने पाहिले की मला पुढे बोलवेना. पण खरे तेच होते. आमचे हे शाळेत शास्त्र शिकवतात आणि उरलेला सगळा वेळ फुलपाखरांच्या मागे धावण्यात घालवतात. माजघराच्या भिंतीला लागून त्यांच्या काचेच्या पेट्या आहेत. त्यांत टाचण्यांनी खोचलेली फुलपाखरे पंक्तीला बसल्यासारखी बसलेली असतात. धूळ मात्र मी पुसते. ह्यांचे मामा राजापूरच्या वरच्या अंगाला एका गावचे खोत. "आमच्या राईत दिवाळीला पाकोळ्यांची जत्रा भरते," असे ते एकदा सहज बोलून गेले होते (तिकडे फुलपाखराला पाकोळी म्हणतात), आणि तेव्हापासून ह्यांना चैन नव्हते. गावाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. लिहिले तर जाळी घेऊन आणखी चार वेडे धावतील.

मुंबईहून आगबोट सुटली. हर्णै मागे पडेपर्यंत मी मोठ्या ऐटीत कठड्याला टेकून उभी होते. पुढे मला बोट लागली आणि सगळी ऐट समुद्रात गेली. डेकवर दिवाळीला घरी निघालेल्या चाकरमान्यांची दाटी होती. ट्रंका, कंदील, गाठोडी, नव्या कपड्यांचा वास. आमच्या शेजारी बसलेला एक गिरणीतला गडी बराच वेळ ह्यांच्या जाळीकडे पाहत होता. शेवटी त्याला राहवेना.

"मास्तर, ह्या जाळ्यात मासा काय ऱ्हायाचा नाय हो."

"मासे नव्हेत, फुलपाखरे धरायची आहेत."

तो विचारात पडला. "खातत काय ती?"

"छे!"

"मग?"

ह्या प्रश्नाला ह्यांनी पुष्कळ शास्त्रीय उत्तर दिले. गडी भला होता, त्याने सगळे ऐकून घेतले आणि मला ओकारीवर आवळासुपारी दिली. मला त्या घटकेला शास्त्रापेक्षा आवळासुपारीच थोर वाटली.

जैतापूरला बोट धक्क्याला लागत नाही. समुद्रातच थांबते, आणि पडाव नावाच्या उघड्या होड्या उतारू घेऊन जातात. लाट वर आली की पडाव बोटीच्या दाराशी येतो, त्याच क्षणी उडी टाकायची. मी डोळे मिटून टाकली. माझी नवी छत्री समुद्राने घेतली. ह्यांची जाळी, बाटल्या आणि टाचण्यांचा डबा सुखरूप होता. पुढे भरतीची वाट पाहून मचव्यातून खाडीने वर, आणि राजापूरहून बैलगाडी. गाडी चढ चढून सड्यावर आली. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे मैलोन्‌मैल सपाट पठार, मातीचा नुसता पापुद्रा. पावसाळ्यातले गवत सोनेरी होऊन आडवे झाले होते आणि त्यावरून लहान लहान निळी फुलपाखरे, नखाएवढी, गाडीच्या पुढे उठत आणि मागे बसत होती. हे गाडीतून उतरले ते गाव येईपर्यंत वर चढले नाहीत. गाडीवानाला वाटले, पाहुणे बैलांवर दया करताहेत.

मामींनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. मामी ठेंगण्या, गोऱ्या, हाताला सतत काहीतरी काम असलेल्या. रात्रीच्या जेवणाला कुळथाचे पिठले, नव्या तांदळाचा भात आणि तवसाचे धोंडस (मोठ्या जून काकडीचा गूळ घालून केलेला केक म्हणा ना). दिवेलागणीला पडवीत कंदील टांगला होता. धोंडसाचा दुसरा तुकडा मी घेत होते, तेवढ्यात बाहेरून काहीतरी आले आणि भिंतीवर बसले. मला वाटले, वटवाघूळ. मी ओरडलेच.

तो पतंग होता. पण पतंग म्हणावे तरी कसे! दोन्ही पंजे उघडून भिंतीवर ठेवले तर माझे हात त्याच्या पंखांखाली झाकले गेले असते. रंग नुकत्याच शिजलेल्या गुळासारखा तांबूस, त्यावर पांढऱ्या रेघा, आणि प्रत्येक पंखावर तिकोनी, काचेसारखी पारदर्शक खिडकी. तिच्यातून मामांच्या भिंतीचा चुना दिसत होता. पंखांची वरची टोके तर अशी वळलेली की तिथे नागच डोके काढून बसला आहे. माझ्या अंगावर काटा आला, आणि डोळे काही केल्या दुसरीकडे वळेनात.

"ह्याला काही खायला ठेवू का?" मामींनी हळूच विचारले.

"मामी, त्याला खायला तोंडच नसते," हे म्हणाले. "अळी असताना खाल्लेल्यावरच जगायचे. थोडेच दिवस. अंडी घातली की संपले."

मामींना हे अजिबात पसंत पडले नाही. "अगो बाई, दिवाळीचा घरी आला आणि उपाशी जाणार?" असे म्हणून त्यांनी भिंतीखाली गुळाचा खडा ठेवलाच. ह्यांनी त्या पतंगाला हात लावला नाही. मामींसमोर त्यांना धीर झाला नसावा.

दुसऱ्या दिवशी मामी मला पऱ्यावर घेऊन गेल्या. पऱ्या म्हणजे ओढा. त्या वेळी त्यात घोटाभर पाणी होते आणि वर दोन माडाची खोडे टाकली होती. पलीकडे झाडीतून कौलारू घरे दिसत होती.

"ते बघ, माझ्या यमूचे घर," मामी म्हणाल्या. यमू त्यांची एकुलती एक मुलगी. "हाक मारली तर ऐकू जाते. पण श्रावणात इथे कमरेच्या वर पाणी असते, घोड्यासारखे धावते. ही खोडे पहिल्या पुराबरोबर जातात. गेल्या वर्षीच्या श्रावणात यमू अडली. सुईण आमच्या गावची. ती इथे ह्याच दगडावर उभी, मी तिच्या शेजारी, आणि पलीकडून जावई ओरडतोय. पाणी उतरले ते दुसऱ्या दिवशी. यमू वाचली. मूल नाही राहिले."

मामी रडल्या नाहीत. पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"आता पुन्हा दिवस राहिलेत. आषाढातच येते बघ सगळे. मी देवाला म्हटले, काही कर, पण इथे साकव (पूल) होऊ दे."

साकव होण्याचा एक मार्ग निघाला होता. लाकूड आणि कोळसा मुंबईला धाडणारा एक ठेकेदार मामांना भेटला होता. देवराईतली झाडे तोडायला दिली तर मे महिन्याच्या आत दगडी साकव बांधून देतो, असा त्याचा शब्द होता. देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले रान. तिथली वाळकी काडीसुद्धा कोणी उचलत नाही, म्हणून झाडे अशी की तिघांच्या कवेत येत नाहीत. गावात दोन मते होती. मामा म्हणाले, देवालाच विचारू. परवा सकाळी कौल लावायचे ठरले होते. हे ऐकून आमच्या ह्यांचा चेहरा पडला. पण मामी समोर होत्या, त्यामुळे तेही गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याबद्दल मला त्यांचा आदरच वाटला.

दुपारी आम्ही पऱ्याच्या पलीकडचा डोंगर चढलो. हा डोंगर मामांचा. नाव घेण्यासारखे त्यावर काही नाही. खुरटी झाडे, करवंदीच्या जाळ्या, वेलींचा गुंता. वाटेवर खुळखुळ्याची वाळलेली झुडपे उभी होती. त्याच्या शेंगा हलवल्या की आत बिया वाजतात. त्या सुकलेल्या काटक्यांना फुलपाखरे लगडली होती. काळसर पंखांवर फिकट निळे ठिपके आणि रेघा, पाऊस पडून गेल्यावर शाईवर थेंब उमटावेत तशा. हिरव्या पानाकडे ढुंकून न बघता ती वाळकी काटकी सोंडेने चोखीत होती.

"त्यात त्यांना हवा असलेला एक कडू रस असतो," हे म्हणाले. मग त्यांनी हिरणदोडीच्या वेलाचे पान उलटे केले. खाली पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची अळी. दुसऱ्या पानाखाली तीच. शेजारच्या उंबराला वेगळीच, नारिंगी, शिंगे असलेली. दगडाच्या कपारीत पाचूसारखा हिरवा कोष लोंबत होता. मी आयुष्यभर काटेरी रान म्हणून ज्याच्याजवळून पदर सावरीत गेले, ते एक भरलेले बाळंतघर होते. मी जिथे पाऊल टाकत होते तिथे कोणाचे तरी मूल वाढत होते. मी तशीच उभी राहिले. खाली पाय ठेवायची भीती वाटू लागली.

परवाचा दिवस उजाडला. कौल लावायला लोक जमायच्या आधी ह्यांना राई पाहायची होती. "काडी तोडू नका हो," मामींनी बजावले. आम्ही निघालो तेव्हा गवतावर दव होते. राईच्या तोंडाशी चपला काढल्या. आत पाऊल टाकले आणि उजेड गेला. किंजळ, सातवीण, आणखी कितीतरी मोठी झाडे. खांद्याएवढ्या जाड वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या. पायाखाली पाचोळा थंडगार. मध्ये देवाचे छोटे देऊळ.

"जत्रा कुठे आहे?" मी विचारले. मला तर फक्त वाळकी पाने दिसत होती. फांद्याफांद्यांवरून, वेलींवरून वाळक्या पानांचे घोस लोंबत होते.

ह्यांनी बोटाने वर दाखवले. तेवढ्यात झाडांच्या शेंड्यातून उन्हाची एक तिरीप आत आली आणि एका घोसावर पडली. घोस हलला. एक पान उघडले. आत निळे होते. मग दुसरे. मग तो सगळा घोस उघडला, ऊन पुढे सरकले, त्या बाजूची फांदी उघडली, वेल उघडली, अख्खे झाड उघडले. वाळके पान एकही नव्हते. सगळी फुलपाखरे होती. ती सुटली आणि राईत निळ्याकाळ्या पंखांचा पाऊस खालून वर पडू लागला. आवाजही होता! हजारो पंखांचा, रेशमी लुगड्याची घडी मोडावी तसा. माझ्या डोक्यावर, खांद्यावर, हातातल्या बांगड्यांवर ती बसली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि ते पुसायलाही हात हलवावासा वाटेना. देवळात जाऊन जे कधी झाले नव्हते ते मला तिथे बाहेरच झाले. मी हात जोडले.

आणि मग, इतक्या सगळ्यांच्या वरून, ती आली. वीतभराहून मोठी. पुढचे पंख काळ्या मखमलीचे, मागचे हळदीसारखे पिवळे. पक्ष्यासारखी संथ, कसली घाई नाही. तिच्यासाठी हे कित्येक वर्षे झुरत होते. पेटीत तिच्यासाठी एक जागा मोकळी ठेवली होती. मी "अहो" म्हणेपर्यंत जाळी फिरली होती. काही क्षणांत ती बाटलीत होती, आणि काही क्षणांनी निपचित पडली.

"काय केलास ह्यां, भाचेबुवा?"

सोनू गुरव देवळाच्या पायरीवर उभा होता. देवाच्या पूजेचे आणि राईच्या राखणीचे काम त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. पन्नाशीचा, काटक, डोक्याला पंचा. तो ओरडला नाही. पण त्याचा चेहरा बघून ह्यांनी बाटली पाठीमागे नेली.

"मी काडी तोडली नाही हो," हे म्हणाले.

"काडी नाय, जीव घेतलास."

लोक जमले तेव्हा ही बातमी सगळ्यांना कळली होती. पुरुष देवळापुढे बसले, आम्ही बायका एका बाजूला. मामी माझ्या शेजारी होत्या. पलीकडच्या गावाहून यमूही आली होती, फिकट, डोळे मोठे झालेली. तिचा हात मामींच्या हातात होता. सोनूने देवाच्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवायला घेतल्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. ह्यालाच कौल म्हणतात.

मामा म्हणाले, "सोनू, साकवाचे विचार. पाकोळीचे मागाहून बघू."

"तां कसा होयल, अण्णानू?" सोनू म्हणाला. "घरात चोरी झाली हाय. ती मिटल्याबिगर धन्याकडं मागणी कशी घालायची? आधी पाकोळी, मग झाडां."

मामा मान हलवून खाली बसले. ह्यांनी कागदाच्या घडीत ठेवलेली ती पाकोळी देवासमोर ठेवली. पिवळे पंख त्या अंधारात दिव्यासारखे दिसत होते. सोनूने गाऱ्हाणे घातले (देवाला हाक मारून विनवले):

"बा देवा म्हाराजा! तुझ्या राईतली एक पाकोळी पावण्यांच्या हातून गेली. पावनो परगावचो, त्यास ठावा नव्हता. ती त्यांनी संगती न्यायची काय, तां सांग म्हाराजा. न्यायची आसल तर उजवी दे, नाय तर डावी दे."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात म्हणाले.

वाट पाहणे सुरू झाले. वर फुलपाखरे फिरत होती. त्यांच्या सावल्या माणसांच्या पाठींवरून सरकत होत्या. माझ्या शेजारी मामी ओठ मिटून, पाषाणावर नजर रोवून बसल्या होत्या. पाकोळीचे काय होते ह्याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हते. त्यांचा प्रश्न अजून पुढेच होता.

डावी पाकळी पडली.

सोनूने ह्यांच्याकडे पाहिले. हे उठले, कागदाची घडी उघडून ती पाकोळी त्यांनी पाषाणाच्या पायाशी ठेवली आणि साष्टांग नमस्कार घातला. माझ्या देखत ह्यांनी हातचे फुलपाखरू सोडण्याची ही पहिलीच वेळ.

सोनूने नव्या पाकळ्या भिजवल्या. "अण्णानू, आता फुडचा इचारू?"

मामांनी एकदा यमूकडे पाहिले. मागून तानूबा नावाचा म्हातारा शेतकरी बोलला, "एक मेलेली पाकोळी सोडत नाय तो. जित्ती झाडां देल काय?"

सोनू ओल्या पाकळ्या हातात धरून थांबला होता. त्या त्याच्या बोटांतच सुकत चालल्या.

"राहू दे," शेवटी मामा म्हणाले.

राई वाचली होती! मला उडी मारावीशी वाटली. मी वळून पाहिले तर मामींनी यमूचे डोके आपल्या मांडीवर घेतले होते आणि तिच्या केसांवरून नुसता हात फिरवत होत्या.

घरी त्या दिवशी कोणी धड जेवले नाही. संध्याकाळी मामी पडवीत वाती वळत होत्या. मामा त्यांच्याकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, "राई नाही तर नाही. पलीकडचा डोंगर माझा आहे. झाडे बारीक आहेत, पण कोळशाला चालतील. डोंगर अख्खा देतो म्हटल्यावर ठेकेदार नाही म्हणायचा नाही. तिथे कोणाला विचारायला नको."

मामींच्या हातातली वात खाली पडली. त्या उठून आत गेल्या आणि देवापुढे त्यांचे हुंदके ऐकू आले.

हे खालच्या आवाजात म्हणाले, "मामा, त्या डोंगरावरच पाकोळ्यांची पिल्ले वाढतात. राईत ती नुसती विसाव्याला येतात. डोंगर गेला तर राईत येणार कोण?"

मामा रागावले नाहीत. "असेल," ते म्हणाले. "तू शिकलेला आहेस, तुला ठाऊक. पण मग तूच सांग, आषाढात यमूला मी काय सांगू?"

हे शास्त्राचे मास्तर आहेत. उत्तर ठाऊक नसले तरी काहीतरी बोलायची त्यांना सवय आहे. त्या संध्याकाळी ते उठून कंदिलाची काच पुसू लागले. मी जाऊन मामींच्या वाती वळायला बसले.

आम्ही निघालो त्या सकाळी ठेकेदाराची माणसे आली होती. मामींनी माझी ओटी भरली, पोह्यांची पुरचुंडी दिली. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की त्या दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. "आता आषाढ येऊ दे कधीही," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले. मला त्यांच्यासाठी मनापासून आनंद झाला होता, हे मी इथे लिहून ठेवते. गाडी सड्यावर चढली तेव्हा मागून कोयत्या-कुऱ्हाडींचा आवाज येऊ लागला. पहिल्याने वाटेवरचा खुळखुळा साफ करीत असतील. ह्यांनी गाडीवानाला बैल हाकायला सांगितले. मी मागे वळून त्या डोंगराकडे पाहिले. राईला देव होता, गुरव होता, गाऱ्हाणे होते. डोंगराला एक मालक होता, आणि तो चांगला माणूस होता. चांगल्या माणसाच्या चांगल्या कारणासाठी हे व्हावे ह्यापुढे माझी मती चालेना. बोटीत मला ह्या वेळी बोट लागली नाही. समुद्राकडे बघण्याचे भानच नव्हते.

पुण्यात परत आल्यावर ह्यांनी ती मोकळी जागा मोकळीच ठेवली. शेजारणीने विचारले, "दिसली का फुलपाखरे?" मी म्हटले, "दिसली."

पुढच्या दिवाळीनंतर मामा काही कामासाठी पुण्याला आले. दारातूनच त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. आषाढात ऐन पुरात, छत्री घेऊन, सुईण साकवावरून चालत गेली होती. यमूला मुलगी झाली. गोरी, आजीसारखी ठेंगणी, आणि रडते अशी की पऱ्याच्या अलीकडे ऐकू येते. मामा सांगत होते आणि मी हसत होते, डोळे पुसत होते. सगळे सांगून झाल्यावर मामा उठले. पेट्यांकडे पाहत म्हणाले, "राईत पाकोळ्या आल्या होत्या ह्या वर्षी. पण थोड्या."

ह्यांनी पेढा तसाच हातात धरला होता. "थोड्या म्हणजे किती?"

मामांनी खाली पाहिले.

"मोजता येतील इतक्या."